झेरॉक्स मशीनच्या ॲड्रेस बुकात शाखांचे आणि विभागांचे पत्ते कसे साठवावेत?

प्रश्न : आवक-जावक विभाग, पतसंस्था, बेळगाव

सर्वांना नमस्कार. मी बेळगावातील एका मल्टिस्टेट पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात आवक-जावक आणि कर्जप्रकरणांची कागदपत्रे सांभाळते. खानापूर, संकेश्वर, निपाणी या आपल्या भागातल्या शाखांबरोबरच सीमेपलीकडे चंदगड आणि गडहिंग्लज येथेही आमच्या शाखा आहेत. त्यामुळे इकडचे आर.टी.सी. (जमिनीचे) उतारे, तिकडचे सातबारे, आधारच्या प्रती आणि जामीनदारांची संमतिपत्रे असे कागद दिवसभर स्कॅन होऊन जात-येत असतात. कार्यालयात नुकतेच नवे मल्टिफंक्शन मशीन बसले आहे. त्यावरून स्कॅन थेट ईमेलवर, संगणकातल्या फोल्डरमध्ये किंवा फॅक्सवर पाठवता येतो, पण त्याचे ॲड्रेस बुक अजून रिकामे आहे.

सध्या प्रत्येक जण मशीनच्या छोट्या पडद्यावर पूर्ण ईमेल पत्ता टाइप करतो. मागे माणसे उभी असली की एखादे अक्षर सुटते, मग पत्र परत येते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, तिसऱ्याच कोणाला तरी जाते. ज्या कागदांवर कर्जदाराचा आधार क्रमांक आणि जमिनीचा तपशील असतो, ते असे भलतीकडे जाणे मला अजिबात योग्य वाटत नाही, म्हणून हे काम एकदाच आणि नीट करून ठेवावे अशी इच्छा आहे.

पत्ते भरण्याची सोपी आणि खात्रीची पद्धत कोणती, हा माझा पहिला प्रश्न. दुसरे असे की, लेखा विभागाच्या संगणकावरचे स्कॅनचे फोल्डर जुन्या मशीनवर व्यवस्थित चालत होते, पण विभागात विंडोज ११ चा नवा संगणक आल्यापासून नव्या मशीनवर तोच पत्ता भरला तरी जोडणी होत नाही. शिवाय शाखांची नावे मराठीत लिहावीत की रोमन लिपीत, आणि हे पत्ते बदलण्याचा अधिकार कोणाकडे असावा, याबद्दलही अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : मशीनची देखभाल करणारे, बेळगाव

ताई, नमस्कार. मी बेळगाव आणि आसपासच्या तालुक्यांत अशाच मशीनची देखभाल करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पत्ते मशीनसमोर उभे राहून भरू नका. मशीनचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये किंवा छापून निघणाऱ्या कॉन्फिगरेशनच्या पानावर मिळतो. तो कार्यालयातल्या कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकला की मशीनचे स्वतःचे पान उघडते. कॅननच्या मशीनवर त्याला रिमोट यूआय म्हणतात, रिकोवर वेब इमेज मॉनिटर, क्योसेरावर कमांड सेंटर. नावे निराळी असली तरी काम एकच आहे. ॲडमिनचा पासवर्ड देऊन आत गेल्यावर ॲड्रेस बुक दिसते आणि मोठ्या कीबोर्डवर, समोर यादी ठेवून, शांतपणे नोंदी करता येतात. कंपनीकडून येतो तो ॲडमिनचा मूळ पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला, कारण तो बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत छापलेला असतो आणि कोणालाही सापडतो.

ईमेलच्या नोंदीला नाव आणि पत्ता एवढेच लागते. मात्र पत्र पाठवणारे खाते मशीनमध्ये आधी बसवलेले असले पाहिजे, नाहीतर ॲड्रेस बुक कितीही अचूक असले तरी पत्र बाहेर पडणार नाही. जीमेलचे खाते वापरत असाल तर ३० मे २०२२ पासून गुगलने नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर अशा उपकरणांना प्रवेश देणे बंद केले आहे, हे लक्षात ठेवा. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो आणि तोच मशीनमध्ये भरावा लागतो. पोर्ट (नेटवर्कवरची वाट) ५८७ आणि टीएलएस (पत्र सांकेतिक करून पाठवण्याची सोय) सुरू ठेवावे. पुढे कोणी त्या खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतो. त्या दिवशी सगळ्या शाखांचे स्कॅन एकदम थांबतात आणि लोक ॲड्रेस बुकात चूक शोधत बसतात.

आता फोल्डरचा विषय. तक्रारी येथेच सर्वांत जास्त येतात, म्हणून क्रमाने पाहू. फोल्डरच्या नोंदीत संगणकाचे नाव किंवा आयपी, शेअर केलेल्या फोल्डरचे नाव, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड अशा चार गोष्टी असतात, आणि चारही जशाच्या तशा जुळाव्या लागतात. काही मशीन पूर्ण मार्ग एकाच चौकटीत मागतात, तेव्हा संगणकाच्या नावाआधी दोन उलट्या तिरक्या रेघा द्याव्या लागतात. काही मशीनवर संगणकाचे नाव आणि फोल्डरचे नाव वेगवेगळ्या चौकटींत भरायचे असते, तेथे त्या दोन रेघा दिल्या की नोंद चुकते. पासवर्डच्या जागी पुष्कळ जण संगणक उघडण्याचा चार आकडी पिन देतात. पिन फक्त त्या संगणकापुरता असतो, तो नेटवर्कवर चालत नाही. म्हणून लेखा विभागाच्या संगणकावर केवळ स्कॅनसाठी एक वेगळे लोकल खाते उघडा, त्याला चांगला पासवर्ड द्या आणि फोल्डरच्या शेअरिंगमध्ये तसेच सिक्युरिटीमध्ये, अशा दोन्ही ठिकाणी त्या खात्याला लिहिण्याची परवानगी द्या. एकाच ठिकाणी परवानगी दिली तर जोडणी झाल्यासारखी दिसते, पण फाइल काही उमटत नाही. त्या संगणकाचे नेटवर्क पब्लिक असे निवडलेले असेल तर ते प्रायव्हेट करा, म्हणजे फायरवॉल ४४५ क्रमांकाचे पोर्ट अडवणार नाही.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे बऱ्याच कार्यालयांत संगणक बदलले गेले, आणि आपल्यासारखीच अडचण मला अनेक ठिकाणी दिसली. एसएमबी या फाइल देवाणघेवाणीच्या पद्धतीची पहिली आवृत्ती विंडोजने २०१७ च्या अखेरीपासून नव्या संगणकांवर बंदच ठेवली आहे. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या आवृत्तीतल्या दोषातून. आपले मशीन नवे आहे, म्हणजे त्याला दुसरी किंवा तिसरी आवृत्ती येत असणारच. फक्त त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ती सुरू आहे ना, ते पाहा. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रो संगणकांवर एसएमबी साइनिंग (देवाणघेवाण खरी असल्याची खातरजमा) सक्तीचे झाले आहे, तेव्हा मशीनवरही साइनिंगचा पर्याय सुरू करावा लागेल. कोणी पहिली आवृत्ती पुन्हा सुरू करण्याचा किंवा साइनिंग काढून टाकण्याचा सल्ला दिला तर तो स्वीकारू नका. मशीनचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घेणे हाच योग्य मार्ग आहे.

आणखी एक महत्त्वाचे. निपाणी किंवा चंदगडच्या संगणकातील फोल्डरचा पत्ता इंटरनेटवरून थेट मुख्य कार्यालयाच्या मशीनमध्ये भरण्याच्या फंदात पडू नका, त्यासाठी राउटरवर ४४५ पोर्ट बाहेर उघडावे लागते आणि ते धोक्याचे आहे. इमारतीच्या आत फोल्डर आणि शाखांना ईमेल, एवढा नियम ठेवलात तरी निम्मी गुंतागुंत संपते.

प्रतिसाद २ : कार्यालय अधीक्षक, शिक्षणसंस्था, निपाणी

वरील तांत्रिक माहिती उत्तम आहे. मी नोंदींच्या नावांबद्दल आणि जबाबदारीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते ॲड्रेस बुक बिघडते ते बहुधा तेथे.

ईमेल पत्ता व्यक्तीचा नको, पदाचा हवा. शाखाधिकाऱ्यांची बदली होते, वसुली विभागातला लिपिक सोडून जातो, पण मशीनमध्ये त्यांचा वैयक्तिक पत्ता तसाच राहतो आणि पुढची कित्येक महिने कर्जदारांचे कागद संस्थेत नसलेल्या माणसाकडे जात राहतात. प्रत्येक शाखेसाठी संस्थेच्या नावावर एक ईमेल खाते असावे आणि ॲड्रेस बुकात तेवढेच असावे. कोणी म्हणेल की शाखाधिकाऱ्यांच्या मोबाइलवर थेट गेलेले लवकर पाहिले जाते. तर ते शाखेचे खातेही मोबाइलवर घेता येते. संस्थेच्या कागदाची पोच कोणा एकाच्या खासगी खात्यात राहू नये, या बाबतीत मी कोणतीही सवलत देणार नाही.

नावांचे म्हणाल तर बहुतेक मशीनच्या पडद्यावर देवनागरी कीबोर्ड नसतो आणि संगणकावरून मराठी नाव भरले तरी पडद्यावर चौकोन दिसू शकतात. एक नोंद करून पाहा, नीट दिसली तर उत्तमच, नाहीतर रोमन लिपी घ्या. रोमन लिपी घेतली की स्पेलिंग ठरवून घ्यावे लागते. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे अधिकृत नाव बदलून बेळगावी झाले, तरी जुन्या कागदांत आधीचे स्पेलिंग कायम आहे. निपाणीही कोणी एक पी घालून लिहितो, कोणी दोन. मशीन नोंदी अक्षरक्रमाने लावते, म्हणून एकच शाखा दोन ठिकाणी नोंदली जाते आणि त्यातली एक जुनी असते. आम्ही यावर साधा उपाय केला. संस्थेच्या दप्तरात प्रत्येक शाळेला जो क्रमांक आधीपासून आहे, तो दोन आकड्यांत नावाच्या आधी घातला. ०४ म्हणजे कोणती शाळा हे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे स्पेलिंगचा प्रश्नच उरला नाही. आपल्या शाखांनाही कोड असतीलच, तेच वापरा.

एकाच शाखेच्या ईमेल, फोल्डर आणि फॅक्स अशा तीन नोंदी असतील तर नावाच्या शेवटी तो प्रकार लिहावा. नाहीतर माणूस पहिले नाव दिसेल ते दाबतो.

अधिकार एका व्यक्तीकडे आणि तिच्या गैरहजेरीत दुसऱ्या एकीकडे, इतकाच असावा. बाकीच्यांनी वापरावे, बदलू नये. पत्ता बदलायचा झाल्यास शाखेकडून लेखी कळवणे यावे आणि जावक नोंदवहीप्रमाणेच त्याची एक नोंदवही असावी, ज्यात जुना पत्ता, नवा पत्ता, तारीख आणि बदल करणाऱ्याची सही असेल. नवा पत्ता भरल्यावर एक कोरे पान स्कॅन करून पाठवावे आणि शाखेकडून फोनवर मिळाल्याची खात्री करून मगच खरे कागद पाठवावेत.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. लेखा विभागाच्या संगणकावर पिनच दिला गेला होता. वेगळे खाते उघडून दोन्ही ठिकाणी परवानगी दिली, मशीनवर साइनिंग सुरू केले आणि स्कॅन फोल्डरमध्ये येऊ लागला. शाखा कोडची कल्पना व्यवस्थापक साहेबांनाही पटली आहे.

आता दोन शंका उरल्या आहेत. सर्व शाखांना एकच परिपत्रक पाठवण्यासाठी गट करता येतो असे दिसते, तर तो करावा का? आणि एका कर्जप्रकरणात तीस-चाळीस पाने असली की ईमेल परत येतो, त्याला काय करावे?

प्रतिसाद ३ : लेखा कार्यालय, कारखाना, उद्यमबाग

गटाबद्दल जाणकार सांगतीलच. मी बॅकअपबद्दल लिहिण्यासाठी आलो आहे, कारण त्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही.

ॲड्रेस बुक पूर्ण भरून झाले की त्याच ब्राउझरच्या पानावरून ते एक्स्पोर्ट करून घ्या आणि ती फाइल मशीनच्या बाहेर सुरक्षित ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज वारंवार ये-जा करते, विजेचा दाब वर-खाली होतो, आणि मशीनचा बोर्ड गेला की त्यातली सगळी माहिती त्याबरोबर जाऊ शकते. बहुतेक मशीन सीएसव्ही फाइल देतात आणि ती एक्सेलमध्ये उघडता येते, पण येथे एक सापळा आहे. एक्सेल फॅक्सच्या क्रमांकाला संख्या समजून पुढचे शून्य काढून टाकते. बेळगावच्या ०८३१ चे ८३१ होते, कोल्हापूरच्या ०२३१ चे २३१ होते. फाइल तशीच जतन करून परत इम्पोर्ट केली की सगळे बाहेरगावचे क्रमांक चुकतात, आणि पडद्यावर ते चुकल्याचे चटकन लक्षातही येत नाही. तो रकाना आधी टेक्स्ट प्रकाराचा करून मगच माहिती आत घ्यावी, किंवा फाइल एक्सेलमध्ये जतनच करू नये. फोल्डरचे पासवर्ड काही मशीन एक्स्पोर्टमध्ये देत नाहीत किंवा सांकेतिक रूपात देतात, ते परत हाताने भरावे लागतात. म्हणून ते बंद पाकिटात व्यवस्थापकांच्या कपाटात असावेत.

विजेचाच आणखी एक परिणाम. राउटर बंद होऊन सुरू झाला की संगणकाला नवा आयपी मिळू शकतो, आणि ॲड्रेस बुकात जुना आयपी असेल तर फोल्डर सापडत नाही. त्या संगणकाचा आयपी राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा. मशीन फार काळ बंद राहिले असेल तर त्याचे घड्याळही तपासा. तारीख मागे गेली असेल तर मेल सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र मशीनला अवैध वाटते आणि ईमेल जात नाही, आणि अशा वेळी पत्त्यात कितीही शोधले तरी काही सापडत नाही.

आपले जुने मशीन परत गेले की विकले गेले, ते कळले नाही. त्यातले ॲड्रेस बुक आणि हार्ड डिस्क पुसून घेतली का, हे अवश्य विचारा. त्यात शाखांचे पत्तेच नव्हे, तर फोल्डरचे पासवर्ड आणि कधी कधी स्कॅन केलेली कागदपत्रेही राहिलेली असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आहे, पण कायदा नसता तरी सभासदांनी विश्वासाने दिलेले कागद असे बाहेर जाऊ देणे बरोबर नाही.

प्रतिसाद १ चे लेखक पुन्हा

ताई, गट जरूर करा, पण फक्त परिपत्रकांसाठी, आणि त्याच्या नावातच परिपत्रक असा शब्द घाला. गट म्हणजे आधी साठवलेल्या नोंदींचा संच असतो, त्यामुळे एका शाखेचा पत्ता मूळ नोंदीत बदलला की बहुतेक मशीनवर गटातही आपोआप बदलतो. मात्र नोंद काढून टाकून नवी केली असेल तर ती गटात पुन्हा घालावी लागते, आणि हे हमखास राहून जाते. कर्जप्रकरणाचे कागद गटाकडे चुकूनही जाऊ नयेत, म्हणून पाठवण्याआधी पत्ता पडद्यावर दाखवून विचारणारा जो पर्याय असतो तो सुरू ठेवा. एक बटण जास्त दाबावे लागते अशी तक्रार येईल, ती येऊ द्या. आधीच्या माणसाने निवडलेला पत्ता तसाच राहू नये म्हणून थोड्या वेळाने पडदा मूळ स्थितीत जाण्याची सोयही असते. टेबलावर माणसे सतत बदलत असतील तर तो वेळ कमी करा, आणि शेवटचा पाठवलेला पत्ता पुन्हा निवडण्याचे बटण बंदच ठेवा.

परत येणाऱ्या ईमेलचे गणित सोपे आहे. ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयवर (दर इंचात ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केले तर ते दाबण्याआधी (कॉम्प्रेस करण्याआधी) साधारण २६ एमबी होते, आणि तेच पान निव्वळ काळे-पांढरे केले तर एक एमबीच्या थोडे वर. मशीन ते दाबून लहान करते हे खरे, पण मूळ फरक राहतोच. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, आणि ईमेलमधून जाताना जोडलेली फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे प्रत्यक्षात १८ एमबीच्या आत राहिलेले बरे. म्हणून उतारे, संमतिपत्रे आणि टाइप केलेले कागद काळे-पांढरे, २०० किंवा ३०० डीपीआयवर पाठवा. फोटो आणि शिक्के स्पष्ट हवेत अशी दोन-चार पानेच तेवढी रंगीत करून वेगळी पाठवा. हे दर वेळी निवडावे लागू नये म्हणून बहुतेक मशीनवर सेटिंग आणि पत्ता एकत्र जोडून एकच बटण तयार करता येते. ‘निपाणी, कर्जप्रकरण, काळे-पांढरे’ असे एक बटण केलेत तर टेबलावरच्या नव्या माणसालाही वेगळे काही शिकवावे लागणार नाही.

फॅक्सची नोंद फक्त जेथे खरोखर लागते तेवढीच ठेवा. जुनी तांब्याची लाइन जाऊन फायबर आली असेल तर फॅक्स अर्ध्यावर तुटण्याची शक्यता बरीच असते. मशीनच्या फॅक्स सेटिंगमध्ये वेग कमी करून पाहा, बऱ्याच वेळा तेवढ्यावर काम होते. बाहेरची लाइन घेण्यासाठी आधी शून्य दाबावे लागत असेल तर त्या शून्यानंतर थांबा देण्याचे चिन्ह घालून मगच एसटीडी कोड लिहा, नाहीतर दोन शून्ये एकापाठोपाठ जातात आणि क्रमांक लागत नाही.